व्हिएतनामने दिवस वाढवले, ते बरं केलं

२४ जून २०२३ रोजी व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने परदेशी पाहुण्यांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि १५ ऑगस्टपासून ती लागू झाली. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया अशा १३ देशांच्या नागरिकांना तोवर व्हिसाशिवाय १५ दिवस राहता येत असे, ते ४५ दिवस झाले. बाकी सगळ्या जगाला ई-व्हिसा खुला झाला, त्याची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांवर गेली आणि एकाच व्हिसावर पुन्हा पुन्हा ये-जा करण्याची सोयही आली. पर्यटक खेचण्यासाठी व्हिसा सैल केला, एवढीच या निर्णयाची बातमी झाली. दार किती उघडलं हे सगळ्यांनी पाहिलं. आत आलेल्या माणसाला किती दिवस राहू दिलं, हा त्यातला खरा शहाणपणाचा भाग होता असं माझं मत आहे, आणि ते मांडायचं तर मला व्हिएतनामच्या खाण्याबद्दल बोलावं लागेल.

आधी त्या वेळची अडचण काय होती ते पाहू. कोविडनंतर मार्च २०२२ मध्ये व्हिएतनामने सीमा पूर्ण उघडल्या. त्या वर्षी ५० लाख परदेशी पाहुण्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आले साडेछत्तीस लाखांच्या आसपास. त्याच वर्षी थायलंडमध्ये एक कोटीहून जास्त लोक गेले. व्हिएतनामचे पर्यटन व्यावसायिक एकच गोष्ट वारंवार सांगत होते. युरोपातून माणूस बारा-चौदा तासांचा प्रवास करून येतो तो दोन-तीन आठवड्यांसाठी येतो आणि आपण त्याला पंधराव्या दिवशी जा म्हणतो. ई-व्हिसावर आलेल्याला मधे कंबोडियात जाऊन अंगकोर वाट पाहून परत यायचं म्हटलं, तर पुन्हा नवा व्हिसा. एवढ्या कटकटीपेक्षा लोक सरळ थायलंड गाठत.

दुरुस्तीनंतरचे आकडे बोलके आहेत. २०२३ मध्ये १ कोटी २६ लाख, २०२४ मध्ये पावणेदोन कोटी आणि २०२५ मध्ये दोन कोटींच्या वर. म्हणजे कोविडपूर्वीचा २०१९ मधला १ कोटी ८० लाखांचा उच्चांकही मागे पडला. याचं सगळं श्रेय व्हिसाला देणं चुकीचं ठरेल. चीनने आपल्या लोकांना पुन्हा परदेशी जाऊ दिलं, विमानसेवा वाढल्या, दक्षिण कोरियातून तर लोंढाच आला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने आणखी १२ युरोपीय देशांना ४५ दिवसांची व्हिसामाफी दिली. मुदत वाढवल्याचा उपयोग होतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं असल्याशिवाय हे पाऊल पडलं नसतं.

आता खाण्याकडे येतो.

हनोईच्या जुन्या वस्तीत फोची, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांची, दुकानं पहाटे उघडतात. दुकान म्हणजे बहुधा राहत्या घराचीच पुढची खोली. दारात मोठं पातेलं, त्यात आदल्या रात्रीपासून मंद आचेवर असलेली गाईची हाडं. कांदा आणि आलं थेट विस्तवावर करपेपर्यंत भाजून आत सोडलेलं, सोबत चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग आणि धणे यांची पुरचुंडी. दुकानातली बाई तांदळाच्या चपट्या शेवया जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, वाडग्यात उपड्या करते, वर मांसाचे कागदासारखे पातळ काप आणि कांद्याची पात पसरते आणि रस्सा ओतते. कच्चे काप त्या रश्श्याच्या उष्णतेनेच शिजतात. गिऱ्हाईक गुडघ्याइतक्याही उंच नसलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसतं, लसूण मुरवलेलं व्हिनेगर आणि मिरची आपल्या हाताने घालून घेतं आणि दहा-पंधरा मिनिटांत उठून कामाला लागतं. अनेक ठिकाणी सकाळ सरताना रस्साही संपतो. मग त्या दुकानात काही नसतं.

या वाफेत मराठी नाकाला काहीतरी ओळखीचं लागतं, ते उगाच नव्हे. आपल्या काळ्या मसाल्यात पडणारं चक्रीफूल आणि दालचिनी यांचा व्हिएतनाम मोठा उत्पादक आहे, चीनच्या सीमेवरचा लांग सोन प्रांत चक्रीफुलासाठीच ओळखला जातो आणि भारत त्यांचं मोठं गिऱ्हाईक आहे.

तोच फो दक्षिणेत सायगॉनला, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीत, वेगळा होऊन भेटतो. १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांनी तो तिकडे नेला. तिथे वाडग्याबरोबर पाल्याची टोपली येते. तुळशीच्या जातीची पानं, लांब दातेरी पानांची कोथिंबीर, मोडाचे मूग, शिवाय गोडसर सॉस. हनोईची जुनी माणसं हे सगळं रश्श्यात घालायला नाखूश असतात. मधल्या ह्युए या जुन्या राजधानीत सकाळ बुन बो ह्युएची असते. गवती चहा आणि आंबवलेल्या कोळंबीच्या चटणीवर उभा असलेला हा रस्सा फोपेक्षा झणझणीत असतो. होई आनमध्ये काओ लाउ मिळतं, त्याच्या जाडसर शेवया राखेच्या पाण्यात तांदूळ भिजवून करतात, आणि ते गावातल्याच एका जुन्या विहिरीचं पाणी असलं पाहिजे असा तिथला संकेत आहे. दक्षिणेत तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध घालून बान्ह सेओ टाकतात. कोकणातल्या माणसाला तो कडेने कुरकुरीत झालेला घावनच वाटेल, फक्त तो कोळंबी-मांस भरून, पाल्यात गुंडाळून आणि नुओक माममध्ये, म्हणजे मासळीच्या अर्कात, बुडवून खातात.

हे खाणं वेळेला आणि गावाला बांधलेलं आहे. फो मुळात सकाळचा. बुन चा दुपारची, निखाऱ्यावर मांस भाजण्याचा धूर रस्त्यावर पसरला की समजायचं जेवायची वेळ झाली. काओ लाउ होई आनबाहेर शोधण्यात अर्थ नाही. हनोई ते सायगॉन हा रेल्वेचा रस्ता १,७०० किलोमीटरहून अधिक आहे आणि दर दोन-तीनशे किलोमीटरला वाडग्यातलं चित्र बदलतं. हे ज्याला कळून घ्यायचं आहे त्याला मुक्कामाचे दिवस हवेत. ज्याच्याकडे पंधराच दिवस आहेत तो स्थळांची यादी करतो आणि खाणं हॉटेलवर उरकतो. दिवस वाढले की यादी संपते आणि माणूस सकाळी उठून कोपऱ्यावरच्या बाईकडे जाऊन बसतो. तिसऱ्या दिवशी ती त्याला ओळखते.

पैसा कुणाच्या हाती पडतो, हा प्रश्न इथे येतो, आणि पर्यटन धोरणाची कसोटी मी यावरच लावीन. हालोंगच्या उपसागरातली क्रूझ, दा नांगजवळच्या डोंगरावरचा दोन प्रचंड हातांनी उचलून धरलेला पूल, समुद्रकाठची रिसॉर्टं, यांतला पैसा मोठ्या कंपन्यांकडे जातो. तो जाऊ नये असं मी म्हणत नाही, त्यातून रोजगार होतो. पण फोच्या वाडग्याचे, फिल्टरमधून थेंबथेंब पडणाऱ्या कॉफीचे, बान्ह मीच्या पावाचे पैसे त्या बाईच्या घरी जातात, तिच्याकडून पुढे पालेवाल्याकडे, शेवया करणाऱ्या कुटुंबाकडे, कसायाकडे. पाहुणा जितके दिवस जास्त राहील तितका त्याचा खर्च या लहान हातांकडे सरकतो.

याच्या उलट काय होतं हेही व्हिएतनामने पाहिलं आहे. २०१७ च्या सुमारास क्वांग निन्ह प्रांतात, म्हणजे हालोंगच्याच परिसरात, चीनमधून येणाऱ्या ‘शून्य डाँग’ सहली (डाँग हे व्हिएतनामचं चलन) हा वादाचा विषय झाला होता. सहल जवळजवळ फुकटात विकायची, मग माणसांना बसमधून ठरलेल्या बंदिस्त दुकानांत नेऊन चढ्या भावाने खरेदी करायला लावायची आणि त्या दुकानांच्या कमिशनवर सगळा धंदा चालवायचा. सरकारी तक्त्यात पर्यटकांची संख्या छान दिसत होती. गावातल्या खाणावळीला मात्र त्यातलं काही मिळत नव्हतं. नुसती डोकी मोजणाऱ्या धोरणात हा धोका असतोच.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पाश्चात्य देशांत व्हिएतनामी अन्नाची ओढ निर्माण केली ती हनोईच्या सरकारने नव्हे. १९७५ मध्ये युद्ध संपून सगळ्या देशावर कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर होड्यांत बसून देश सोडलेल्या लोकांनी ती निर्माण केली. कॅलिफोर्नियातलं वेस्टमिन्स्टर, सिडनीचं काब्रामाटा, मेलबर्नचं फुट्सक्रे, पॅरिसचा तेरावा विभाग, इथे त्यांनी खाणावळी उघडल्या, कारण हाताशी तेवढंच कौशल्य आणि तेवढंच भांडवल होतं. त्यांच्या टेबलांवर ज्या ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच माणसांनी पहिल्यांदा फो खाल्ला, त्यांची मुलं आज त्याच चवीच्या मागे हनोईला जातात. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनने हनोई आणि हो चि मिन्ह सिटीची पहिली यादी काढली ती जून २०२३ मध्ये. काब्रामाटाच्या खाणावळी तेव्हा दशकानुदशकं चालू होत्या. परदेशी राहणाऱ्या व्हिएतनामी वंशाच्या लोकांना सरकारने २००७ मध्ये व्हिसामाफी दिली. व्हिसा सैल करण्याच्या व्हिएतनामच्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो. जे लोक या राज्यकर्त्यांना घाबरून पळाले होते, त्यांना घरी येण्याची वाट त्याने सोपी केली.

व्हिसामाफीला होणारा पहिला विरोध मानापमानाचा असतो. ते आम्हाला व्हिसा मागतात, मग आम्ही त्यांना का सोडावं? व्हिएतनामी माणसाला आजही जर्मनीला, फ्रान्सला किंवा ब्रिटनला जायचं तर व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं, बँकेचे कागद दाखवावे लागतात. तरी व्हिएतनामने या देशांना एकतर्फी माफी दिली. मला त्यात कमीपणा दिसत नाही. फ्रान्सने काय करायचं ते फ्रान्स ठरवील. त्याच्या उत्तरासाठी ह्युएच्या खाणावळवालीने आपलं गिऱ्हाईक का गमवावं? बरोबरीचा आग्रह धरायला परराष्ट्र खात्याकडे दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

या मानापमानाची किंमत आपल्याकडे गोव्याने मोजली आहे. कोविडमध्ये थांबलेला भारताचा ई-व्हिसा बहुतेक देशांना परत मिळाला तरी ब्रिटिश नागरिकांना तो डिसेंबर २०२२ पर्यंत मिळत नव्हता. गोव्याचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि हिवाळाभर राहणारे ब्रिटिश पाहुणे हे त्या हंगामाचं जुनं गिऱ्हाईक. शॅकवाले आणि टॅक्सीवाले दिल्लीकडे डोळे लावून बसले होते. ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला तोवर हंगामाचे पहिले दोन महिने निघून गेले होते आणि सुट्टीचा बेत कुणी आयत्या वेळी बदलत नाही. भारतात २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२४ मध्येही तो आकडा आपण परत गाठला नाही, त्याच वर्षी आपल्याहून कितीतरी लहान व्हिएतनाममध्ये पावणेदोन कोटी गेले. व्हिसा हेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण ते आपल्या हातातलं कारण आहे.

दुसरा विरोध जास्त गंभीर आहे. मुदत वाढवली की बेकायदा नोकरी-धंदा करणारे घुसतात. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ९३ देशांना ६० दिवसांची माफी दिली आणि वर्षाच्या आत ती ३० दिवसांवर आणण्याची भाषा सुरू झाली, ती याच कारणाने. ही तक्रार खरी आहे आणि पर्यटक म्हणून आलेल्याने तिथे दुकान थाटलं तर त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण ते काम गावातल्या तपासणीचं आहे, परवान्यांचं आहे. थोड्या लोकांच्या लबाडीसाठी लाखो सरळ माणसांची मुदत तोडणं मला पटत नाही. व्हिएतनामने माफी ४५ दिवसांवर ठेवली आणि जास्त राहणाऱ्याला ई-व्हिसाचा अर्ज भरायला लावला, ही मधली वाट मला थायलंडपेक्षा बरी वाटते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ज्या फुटपाथवर हे सगळं खाणं उभं आहे, तो फुटपाथच सरकारला अधूनमधून खुपतो. २०१७ मध्ये सायगॉनच्या पहिल्या जिल्ह्याच्या प्रशासनाचे उपाध्यक्ष दोआन न्गोक हाय स्वतः क्रेन आणि पोलीस घेऊन रस्त्यावर उतरले. हा भाग ‘छोटं सिंगापूर’ करायचा असं त्यांनी जाहीर केलं होतं. पायऱ्या, फलक तोडले, गाड्या-स्टुलं उचलून नेली. चालायला जागा हवी हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. सायगॉनच्या फुटपाथवर मोटारसायकली इतक्या असतात की माणूस वाहत्या रस्त्यावरूनच चालतो. पण परदेशी माणूस सिंगापूर पाहायला सायगॉनला येत नाही. एका खात्याने व्हिसाचं दार उघडायचं आणि दुसऱ्याने पाहुण्याचं बसायचं स्टूल उचलून न्यायचं, ही विसंगती चालू ठेवून धोरण टिकणार नाही.

राज्य या खाण्याच्या आड आलं की काय होतं, हे हनोईच्या वयस्क लोकांना आठवतं. रेशनच्या काळात खासगी दुकानं बंद पडली आणि सरकारी दुकानांतल्या फोमधून मांसच गायब झालं. त्या काळी अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमानं आकाशात यायची, तेव्हा लोकांनी या बिनमांसाच्या फोला ‘वैमानिक नसलेला फो’ असं नाव दिलं. १९८६ च्या ‘दोई मोई’ सुधारणांनंतर लहान माणसाला पुन्हा धंदा करता येऊ लागला आणि रस्त्यावर पातेली परत आली. आज पर्यटक ज्याच्यासाठी येतो ते त्या मोकळिकीचं फळ आहे. त्यामुळे हो चि मिन्ह सिटीने २०२४ पासून काही रस्त्यांवरचे फुटपाथ आखून, चालायची पट्टी मोकळी ठेवून, उरलेली जागा ठरलेल्या भाड्याने वापरायला देण्याची पद्धत सुरू केली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. भाडं त्या बाईला परवडेल असं राहिलं पाहिजे, नाहीतर तिच्या जागी कॉफीच्या मोठ्या साखळीचं दुकान येईल.

आपल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे, कारण आता आपणही तिथे मोठ्या संख्येने जातो. २०१९ मध्ये पावणेदोन लाखांच्या आत असलेली भारतीय पाहुण्यांची संख्या २०२४ मध्ये पाच लाखांवर गेली. मुंबईहून सायगॉन आणि हनोईला थेट विमानं सुरू झाली, मुंबईच्या एका औषध कंपनीने तर साडेचार हजार कर्मचाऱ्यांना सहलीला नेलं. भारतीयांना व्हिसामाफी नाही, २५ डॉलरचा ई-व्हिसा घ्यावा लागतो. थायलंड आणि मलेशियाने २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला तसा व्हिएतनामनेही द्यावा असं मला वाटतं. पैशांपेक्षा जाच आहे तो अर्जाचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्जात मधलं नाव गळलं किंवा क्रम बदलला की ई-व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि विमानतळाच्या काउंटरवर ऐन वेळी घाम फुटतो.

पण माफी मिळाली तरी आपल्या सहलींचा साचा बदलल्याशिवाय फारसं साधणार नाही. पाच रात्री, सहा दिवस. हनोई, हालोंग, दा नांग, सायगॉन. सकाळी हॉटेलचा बुफे, दुपारी आणि रात्री भारतीय रेस्टॉरंटमध्ये डाळ-भात-पनीर. शाकाहारी माणूस व्हिएतनाममध्ये उपाशी राहील ही भीती यामागे असते आणि ती बरीचशी निराधार आहे. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांस-मासे वर्ज्य करतात. त्यांच्यासाठी ‘चाय’ अशी पाटी लावलेल्या शुद्ध शाकाहारी खाणावळी गावोगाव आहेत आणि तिथे भाज्या, मुळे, अळंब्यांच्या रश्श्यातला फो मिळतो. काळजी घ्यायची ती नुओक मामची, कारण ‘चाय’ नसलेल्या दुकानात भाजीवरही हा मासळीचा अर्क शिंपडलेला असू शकतो. जे मांसाहार करतात पण गोमांस खात नाहीत, त्यांच्यासाठी कोंबडीचा फो जवळपास सगळीकडे असतो.

म्हणून मराठी सहल कंपन्यांना माझी एक मागणी आहे. हनोई आणि होई आनच्या मुक्कामात दोन सकाळींचा बुफे पॅकेजमधून काढून टाका, त्याचे पैसे लोकांना परत द्या, एक रात्र वाढवा आणि हॉटेलपासून चालत जाता येईल अशा चार-पाच खाणावळींची नावं, त्यांतल्या ‘चाय’ कोणत्या हे लिहून, देवनागरीत आणि व्हिएतनामीत एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या. बस सकाळी आठला सुटते, ती साडेनऊला सोडा.